कोळणीने भांडण सोडलं तेव्हा

सन दोन हजार तेवीस. मला तेव्हा शहात्तरावं चालू होतं आणि घरात माझ्या रागावर उपचार चालू होते.

उपचार म्हणजे गोळ्या नव्हेत. त्या बीपीच्या, त्या वेगळ्या. हे उपचार सुनेचे. तिच्या ऑफिसात कोणीतरी येऊन भाषण देऊन गेलं होतं, की राग हा माणसाचा वैरी आहे, त्याचा काही म्हणजे काही उपयोग नाही. ती मला म्हणाली, "बाबा, राग आला की दहापर्यंत आकडे मोजायचे आणि सावकाश श्वास सोडायचा." मी मोजून बघितले. सातापर्यंत आलो की आठवायचं आपण कशावर चिडलो होतो, आणि परत पहिल्यापासून सुरू.

माझं शिक्षण चौथी. त्यानंतर गिरणी, साचेखातं, म्हणजे कापड विणायच्या मागांचं खातं. एवढे साचे एकत्र धडधडत असताना शेजारच्या माणसाला तंबाखू मागायची तरी ओरडूनच मागावी लागे. गिरणी गेली, आवाज तेवढा माझ्याजवळ राहिला. त्यामुळे मी नुसतं "चहा झाला का" विचारलं तरी नव्या माणसाला वाटतं हा म्हातारा भांडतोय. लोक ज्याला माझा राग म्हणतात त्यातला अर्धा म्हणजे हा आवाज. उरलेला अर्धा मात्र खराच राग. तो मी कधी नाकारला नाही.

लालबागची आमची चाळ पाडून तिच्या जागी टॉवर उभा राहिला त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. माणसं सगळी जुनीच, बहुतेक तळकोकणातली. आम्हाला सातवा मजला मिळाला. मी नव्या घराला नावं ठेवणार नाही. घरात संडास आहे, नळाला दिवसभर पाणी आहे, बायकोच्या गुडघ्यांना लिफ्ट आहे. खिडकीतून वारा असा येतो की दुपारी पंखा लावावा लागत नाही. एकच गोष्ट मला जड गेली. चाळीत दारं उघडी असायची, इथे सगळ्यांची बंद.

आमच्याकडे एक कोळीण यायची. चाळीत तीस-पस्तीस वर्षं येत होती. वरळीच्या कोळीवाड्याची. बुधवार, शुक्रवार, रविवार, डोक्यावर पाटी. जिन्यात पाय ठेवला की तिची हाक तिसऱ्या माळ्यापर्यंत जायची. बाजारातली बसायची जागा तिने आपल्या सुनेला देऊन टाकली होती. घरोघरचं गिऱ्हाईक मात्र स्वतःकडे ठेवलं होतं. म्हणायची, "ओटा तिचा, घरं माझी."

सकाळची पहिली विक्री, म्हणजे भवानी, ती माझ्याच दारात करायची. का, तर माझा हात चांगला म्हणून नव्हे. ती उघड सांगायची, "या दादूसशी भांडून भवानी झाली का माझी पाटी दुपारच्या आत रिकामी."

आणि भांडण तरी कसलं. बांगड्यांचा वाटा लावलेला असायचा. मी म्हणायचो, "वर एक घाल."

"एक कशाला, पाटीच घेऊन जा. दर्या काय तुझ्या बापाचा हाय?"

"हे बांगडे आहेत की बोटं? डोळे बघ कसे पांढरे पडलेत."

"माझे बांगऱ्याचे डोले बघतंस? तुझे डोले तपासून घे आधी."

असं चालायचं. अख्खी चाळ गॅलरीत येऊन ऐकायची. शेवटी ती वर एक बांगडा आपटायची, मी पैसे द्यायचो, ती नोट कपाळाला लावायची आणि माझ्याकडे न बघता पुढच्या दारात जायची. माझ्या बायकोशी ती अर्धा अर्धा तास बोलायची, सुखदुःखाचं. माझ्याशी फक्त भांडण. ते आमचं बोलणं.

टॉवरमध्येही ती पहिल्यापासून येत होती, लिफ्टने. मग त्या वर्षी पावसाळा संपल्यावर सोसायटीने खाली फलकावर नोटीस लावली. फेरीवाल्यांना गेटाच्या आत प्रवेश नाही. ज्याला काही घ्यायचं असेल त्याने खाली यावं. तिला वॉचमनने अडवलं. ती गेटाबाहेर फूटपाथवर बसायला लागली. आता सातव्या मजल्यावर गेटावरची हाक कुठून ऐकू येणार. बंद दारांच्या आत तर दुसऱ्या मजल्यालाही येत नसेल.

मी खाली उतरायचो. मी आणि आणखी दोघं तिघं. बाकीचे मोबाईलवरून मासे मागवायला लागले.

एका बुधवारी उतरलो तर ती भिंतीला टेकून बसली होती. पाटी भरलेली, वर ओलं फडकं. मी बांगड्यांच्या वाट्याकडे बोट केलं आणि सवयीने म्हटलं, "वर एक घाल."

तिने घातला. काही बोलली नाही. मग स्वतःहून आणखी एक घातला आणि पिशवी पुढे केली.

मी म्हटलं, "काय गं, बरं नाही का?"

"बरं हाय."

"हे बांगडे आहेत की बोटं?"

"बारीक हायेत थोरे," ती म्हणाली. "घे. या महिन्याचं बघतंय. मग घरी बसतंय. चार घरांसाठी एवढं वझं कोण आननार."

मी वर आलो. लिफ्टमध्ये माझ्या हातातली पिशवी जड वाटत होती. शिव्या दिल्या असत्या तिने सेक्रेटरीला, सोसायटीला, मला, तर मला काही वाटलं नसतं. पण तिने बांगडे बारीक आहेत हे कबूल केलं. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. माणूस भांडायचं सोडतो तेव्हा त्याने आशा सोडलेली असते, हे मी गिरणी बंद पडताना डोळ्यांनी बघितलं आहे. जे शेवटपर्यंत चिडत होते ते पुढे काही ना काही करून जगले. जे गप्प झाले त्यांच्या मयताला आम्हाला लवकर जावं लागलं.

त्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. मी उभा राहिलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, मासे खाऊन वाढलेली माणसं तुम्ही, त्याच पाटीतले मासे, आणि आता तिला रस्त्यावर बसवता. आवाज माझा तुम्हाला सांगितलाच आहे. मागून कोणीतरी म्हणालं, "काकांचा साचा चालू झाला." सगळे हसले.

सेक्रेटरी म्हणजे चाळीत माझ्या समोरच्याच खोलीतला, माझ्या डोळ्यांसमोर मोठा झालेला. आता चाळिशी उलटली, केस पिकायला लागले. तो शांतपणे म्हणाला, "काका, मासे आम्ही आजपण खातो. प्रश्न पाण्याचा आहे. पाटीतलं पाणी लिफ्टमध्ये सांडतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी त्याच्यावरून घसरल्या, दार पकडलं म्हणून वाचल्या. उद्या कोणाचं हाड मोडलं तर?"

त्याचं म्हणणं खरं होतं. समोरच्याचं खरं असलं की माझा आवाज आणखी चढतो. कोणीतरी म्हणालं, "काकांना पाणी द्या." मी पाणी न पिता घरी आलो.

बायको भाजी निवडत होती. तिला सगळं आधीच कळलं होतं. म्हणाली, "तुमचो राग म्हणजे कुकरची शिटी. वाफ भायर गेली काय संपलो." आणि परत भाजी निवडायला लागली.

मला ते लागलं. तीन दिवस मी कोणाशी फारसा बोललो नाही. सुनेला वाटलं तिच्या आकड्यांचा गुण आला. ती खूश होती, मीही तिला काही सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी मी कोळणीच्या आधी गेटावर जाऊन उभा राहिलो. ती आली, पाटी उतरवायला लागली. मी म्हटलं, "उतरवू नको. माझ्या डोक्यावर दे."

"काय झालंय तुला?"

"दे म्हणतो ना."

वॉचमन पुढे आला. "बाबा, रूल है."

मी म्हटलं, "फेरीवाला कोण? मी मेंबर आहे. मेंबर आपले मासे घरी नेतोय." तो बिचारा नोटिशीकडे बघत राहिला. त्यात मेंबरने किती मासे न्यावेत हे लिहिलेलं नव्हतं.

लिफ्ट मात्र घ्यायची नाही हे मी ठरवलं होतं. लिफ्टवरून आपल्याला कोणाचा शब्द नको. चुंबळ डोक्यावर ठेवली, तिने आणि मी मिळून पाटी चढवली. मान खांद्यात गेली असं वाटलं. इतकी वर्षं ही बाई हे डोक्यावर घेऊन भांडत होती, हे मला तेव्हा कळलं.

ती मागून येत होती, "आरं ठेव, मान मोरंल तुझी," म्हणत. मी पहिल्या मजल्यावर पोचलो आणि गिरणीतला आवाज काढला. "मावरं घ्या, मावरं."

एक दार उघडलं. नव्यानेच लग्न होऊन आलेली एक सून. आधी घाबरली, मग तोंडावर हात ठेवून हसली. "काका, तुम्ही?"

"मीच. बांगडा आहे, ताजा. ताट आण."

तिने ताट आणलं आणि भीत भीत विचारलं, "वर एक मिळेल?"

मी पाटी खाली ठेवली होती, धाप लागली होती, आणि आपण काहीतरी मोठं काम करतोय अशा तोऱ्यात होतो. म्हटलं, "एक काय, दोन घे."

माझ्या हातून झालेली चूक ती हीच. पाटीची भवानी मी न भांडता करून टाकली, वर दोन देऊन. माझ्या ध्यानातही आलं नाही. कोळीण तोवर जिन्याच्या वळणावर पोचली होती. तिने ताट बघितलं.

"काय केलंस?"

"काय केलं? विकले."

"दोन वर? पयली भवानी, आनि दोन-दोन बांगरे वर?" तिचा आवाज जो चढला तो थेट वरच्या मजल्यांना गेला. "धंदा करतंस का हलदी-कुंकवाचं वाण वाटतंस? माझा अख्खा दीस घालवलास. गिरनीत पन असाच कापर फुकट वाटायचास का रं, म्हनून बंद परली ती?"

"माझ्या गिरणीचं नाव घेऊ नको."

"घेनार. तू माझे पाटीला हात का लावलास? कोनी सांगितलं?"

"तू तोंड शिवून बसली होतीस म्हणून लावला."

"आता उसवलंय. ऐक."

आणि ऐकवलं तिने. जिन्यात आवाज घुमतो, बंद दारांच्या आतही जातो. माझ्या हाकेला एक दार उघडलं होतं. आमच्या भांडणाला वरची खालची सगळी उघडली. चाळीतले जुने लोक कठड्याला टेकून बघायला लागले, हातात कोणाच्या चहा, कोणाच्या ताट. कोणीतरी वरून विचारलं, "पापलेट आहे काय गो?" ती माझ्याशी भांडता भांडता "हाय, आनतंय" म्हणाली आणि पाटी उचलून स्वतःच चालू लागली. मी रिकामी चुंबळ हातात घेऊन तिच्या मागून.

चौथ्या मजल्यावर सेक्रेटरीची आई दारात उभी होती. ऐंशीच्या पुढची बाई, काठी टेकून. म्हणाली, "खंय होतंस गो इतके दिवस?"

"तुझ्या पोराला इचार. खाली बसवलंय मला."

म्हातारीने मागे वळून बघितलं. सेक्रेटरी ऑफिसला जायच्या तयारीत, गळ्यात टॉवेल. "माका सांगता, कोळीण येवची बंद झाली," ती म्हणाली. "आणि मोबाईलवरना बरफातलो मासो हाडता. त्याका वास तरी हा काय माशाचो?"

त्याने माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. माझ्याजवळ बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तोंड मिटलेलंच ठेवलं. बायकोचा कुकर आठवला.

पाटी पाचव्या मजल्यावरच संपली. सातव्यावर बायको ताट घेऊन उभी, तिला काही मिळालं नाही. कोळीण माझ्याकडे बोट करून म्हणाली, "या दादूसनं दोन वाटले, तुझे ते." तरी बायकोने तिला बसवून चहा दिला. माझी भवानी बिघडलेली असून पाटी कशी संपली, हे मी तिला विचारलं नाही. तिने तोंड फिरवूनच चहा घेतला. मला इतकं बरं वाटत होतं की मानेचं दुखणं संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आला. बसला. म्हणाला, "काका, आई दुपारी जेवली नीट." मग थोडं थांबून म्हणाला, "मागची सामानाची लिफ्ट आहे, ती वापरू दे. पण पाणी सांडलं तर मी कमिटीला काय सांगू?"

"पाटीखाली प्लास्टिकचा टब ठेवील ती. मी बघतो."

"तुम्ही बघणार?"

"मी."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, आज किती आकडे मोजले?" मी म्हटलं, "आज मोजायला वेळ नव्हता."

राग वाईट की चांगला हे शिकलेल्या माणसांनी ठरवावं. रविवारचा राग माझाच होता आणि बुधवारचाही माझाच. एकाने लोक हसले, दुसऱ्याने पाटी वर गेली. फरक काय तो मला नीट सांगता येत नाही. एवढंच वाटतं, की रविवारी मला जिंकायचं होतं, आणि बुधवारी तिने परत भांडावं एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. इमारतीत बहुतेकांचा उपास, मासे नाहीत. मी सकाळी लवकर उठलो, फिनेलची बाटली, बादली आणि खराटा घेतला. काल जिनाभर पाटीतलं पाणी ठिबकलं होतं, वास येत होता, हे मी कोणाच्या तोंडून ऐकणार नव्हतो. पाचव्या मजल्यापासून खाली एकेक पायरी धुतली. चौथ्यावर सेक्रेटरी दूध घ्यायला बाहेर आला, म्हणाला, "काका, बाई येईल ना झाडायला." मी म्हटलं, "पाय वर घे." खाली आलो तेव्हा बादलीत थोडं पाणी उरलं होतं. गेटाबाहेर फूटपाथवर ती बसायची तिथे पाटीचा गोल डाग पडला होता. उरलेलं पाणी तिथे ओतलं आणि डाग जाईपर्यंत खराटा मारला.