तळ्याचं काय पडलं?

सप्टेंबरमधला शनिवार, दुपार, सकाळपासून पाऊस. कन्नड मुलखात, होसकोटेच्या बाजूच्या आमच्या पोलीस ठाण्यात हजर: मी म्हणजे ठाण्याचा निरीक्षक, ठाणे अंमलदार, तळ्यावरच्या जुन्या गावातली एक महिला कॉन्स्टेबल, तक्रारदार आणि बाकावर निथळत बसलेला संशयित. निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं पुसट झाली, पण ही हजेरी अजून तोंडपाठ आहे.

तक्रारदार मूळचे पुण्याचे, तळ्याखालच्या एका उंच सोसायटीचे सचिव. कोणीतरी भोंग्यावरून 'तालाब टूट गया' असं सांगत फिरलं. नाल्याकाठच्या पत्र्याच्या शेडमधली मजूर कुटुंबं घाबरून पळाली आणि सोसायटीचं फाटक ढकलून क्लबहाउसमध्ये शिरली. त्या गर्दीत एका म्हातारीचा हात मोडला. तळं मात्र फुटलेलं नव्हतं. आमच्या शिपायाने बांधावर जाऊन तशी खात्री केली होती.

खबर चहावाल्याने दिली. "अण्णा, तो आवाज रोज टोमॅटो विकतो," तो फोनवर म्हणाला. भाजीच्या गाडीवर भोंगा लावून फिरणारा माणूस सापडायला वेळ लागला नाही. तो भालकीकडचा, मराठी घरातला, मी निपाणीचा. जबाब मराठीतच सुरू झाला.

"अफवा का पसरवली?"

"अफवा नव्हे, साहेब. पालिकेची गाडी कन्नडमध्ये सांगत गेली, तेच मी हिंदीत सांगितलं. शेडमधले सगळे बिहार-बंगालचे. त्यांना कोण सांगणार?"

"गाडीने काय सांगितलं?"

"तळ्याचं कायतरी 'बिद्दिदे'. म्हणजे पडलं."

"काय पडलं?"

"तो शब्द मला कळला नाही. पण साहेब, तळ्याला पडायला बांधाशिवाय असतंय काय?"

ठाणे अंमलदार हसले. मला हसू आलं नाही. खोटं बोलणारा माणूस अडला की शब्द बनवतो. हा सरळ 'कळला नाही' म्हणत होता.

सचिवांना घाई होती. "सर, जीपवरून अनाउन्स करा ना, अफवा आहे, सगळ्यांनी घरी जा. आमचे सीनियर सिटिझन्स पॅनिक झालेत." मागणी नियमात बसत होती. जीप दारात सुरूच होती. शेडमधल्या माणसांना परत पाठवायचं की नाही, हे मला तिथेच ठरवायचं होतं.

तेवढ्यात कॉन्स्टेबलचा फोन वाजला. तिच्या आईचा आवाज खोलीभर ऐकू आला. "केरे कोडी बिद्दिदे. सगळ्या जणी निघालोय, तू येतेस का?"

बाकावरचा माणूस उभा राहिला. "हाच शब्द, साहेब. कोडी."

केरे म्हणजे तळं, कोडी म्हणजे त्याचा सांडवा. 'कोडी पडली' म्हणजे तळं भरून सांडव्यावरून वाहू लागलं. जुन्या गावांत ही शुभवार्ता असते. बायका हळदकुंकू आणि फुलं घेऊन पाण्याला वाण द्यायला जातात. एकाच वाक्याने मजूर पळाले होते आणि गावच्या बायका पाण्याकडे निघाल्या होत्या. सांडव्याचं पाणी उतरतं ते शेडला लागून असलेल्या नाल्यात. बांध फुटल्याची बातमी खोटी होती, धोका खरा होता.

"अम्मा, जाऊ नकोस. सगळ्यांना थांबव."

"अगं, ताट हातात आहे."

"ताट राहू दे. स्वल्प, जरा ऐक माझं."

मी सचिवांकडे वळलो. "तुम्हाला सूचना आली होती?"

"हो, सकाळीच मेसेज आला. ओव्हरफ्लो होणार, बेसमेंटमधून गाड्या काढा. आम्ही सगळ्या कार्स फ्लायओव्हरवर लावल्या."

"बरं झालं," भाजीवाला म्हणाला. "गाड्यांना तरी कळलं."

बायकांना अडवायला कॉन्स्टेबलला जीपने सांडव्याकडे पाठवलं. क्लबहाउस रिकामं होणार नाही, असं सचिवांना सांगितलं.

"पण सर, ती प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे."

"मग तसं लेखी द्या: 'लोकांना बाहेर काढा, पुढची जबाबदारी सोसायटीची.'"

त्यांनी पेन हातात घेतलं, परत खिशात ठेवलं. मग फोन करून म्हणाले, "त्या आजींना आपल्या डॉक्टरांकडे ने. आणि चहा सांग सगळ्यांना."

अंधार पडायच्या आत नाला शेडमध्ये घुसला. पाणी छातीपर्यंत चढलं. आत कोणी नव्हतं. बायकांना जीपने रस्त्यावरच अडवलं होतं.

गुन्हा नोंदवला नाही. भोंगा परत करताना मी म्हणालो, "आता टोमॅटोच विक."

"टोमॅटो वाहून गेले, साहेब."

या प्रकरणाने मला एक धडा दिला. कोण बोललं हे पोलीस शोधून काढतात. कोणाला काय ऐकू आलं, हे विचारायचं आम्हाला सुचत नाही. पालिकेने सूचना सर्वांना दिली होती, कागदावर कोणीही सुटलं नव्हतं. पण कोणाच्या भाषेत बोलायचं आणि निघून जायचं कुठे, हे जिथे पाणी आधी शिरतं तिथल्या माणसांना धरून ठरवावं लागतं.

पुढे मी वॉर्ड ऑफिसला तीन वाक्यं करून दिली: नाल्याला पाणी येत आहे. आत्ताच निघा. अमुक इमारतीत जा. हिंदी, बंगाली, तेलुगू, तमिळ आणि इकडच्या व उत्तरेकडच्या अशा दोन्ही कन्नडमध्ये ती बोलून घेतली. पहिली दोन वाक्यं भोंग्यावर तयार आहेत. तिसऱ्यातली इमारत कोणती, हे सोसायटी, शाळा आणि वॉर्ड ऑफिस यांचं अजून ठरायचं आहे. सोमवारी पुन्हा जाऊन विचारणार आहे.