पातळाच्या काठाला शिशाच्या गोळ्या

“पाय कुठी गेले तुये? अवो सूनबाई, पाय दिसून नाई राह्यले!”

सासूबाई अंगणातून अशा ओरडल्या, की अर्धी वस्ती माझे पाय शोधायला धावली. (लोकांना कामं नसतात!) पाय जागच्या जागी होते. फक्त त्यांच्यावर पातळ आलं होतं. गोल पातळ, थेट टाचेपर्यंत!

आम्ही नागभीडकडचे, तलावात मासे धरणारे लोक. आमच्या बायकांच्या लुगड्याचा काठ पिढ्यान् पिढ्या गुडघ्याच्या वर. पाण्यात उतरायचं, धानाच्या चिखलात रोवणी करायची. काठ खाली सोडून काय बेडकांना झोके द्यायचे? स्वराज्य आलं तरी काठ तिथेच! पण नागभीडच्या स्टेशनावर रेल्वेवाल्यांच्या बायका मी पाहिल्या. त्यांची पातळं एवढी लांब, की त्या चालल्या की फलाट आपोआप झाडून निघायचा. मी तिथेच ठरवलं, नणंदेच्या लग्नात नेसेन तर असंच!

लग्नाच्या आदल्या दिवशी ते नेसून तलावाच्या बांधावर मिरवायला गेले, तर वैशाखातला वारा आला आणि पातळाची छत्री झाली!

“इतकं खाली सोडलं, अन् शेवटी गुडघ्यावरच आलं ना?” सासूबाई कडाडल्या. “उद्या मांडवात एकदा जरी उडलं, तर याची गोधडी शिवून टाकीन!”

मी रडकुंडीला आले. आमचे हे मात्र शांतपणे तंबाखू मळत होते.

“त्यात काय? जाळ्याचा काठ पाण्यात खाली कसा बसते? शिशानं!”

आणि या शहाण्यानं फेकायच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या काढून माझ्या पातळाच्या काठात गोलाकार शिवल्या. अशा पक्क्या शिवल्या, की त्या पातळानं आठ किलोची मरळ सहज धरली असती!

दुसऱ्या दिवशी वावटळ आली. मांडवावरच्या डहाळ्या उडाल्या, भटजींचं उपरणं उडालं, पण माझं पातळ? हूं की चूं नाही! मात्र मी चालले की गोळ्या घोट्यांवर आपटायच्या. मी ‘आई गं, आई गं’ करत अक्षता वाटत होते आणि बायका म्हणत होत्या, “वहिनी किती लाजते वो!”

एवढ्यात व्याही रुसले. म्हणजे ते सकाळपासून रुसतच होते. आधी वरणाला चव नाही म्हणून, मग पान उशिरा आलं म्हणून. आता सुपारी बारीक कातरली म्हणून!

“चाला रे, गाड्या जुपा! हे लगन होत नाई!”

सासूबाई पदर पसरून त्यांच्यामागे. “व्याहीभाऊ, पोरीच्या अंगाले हळद लागली, असं नका करू!”

“हटा बाई!” म्हणत ते तरातरा निघाले, ते नेमके माझ्या शेजारून. तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली, “वहिनी, पाणी!”

मी गर्रकन वळले.

बस! काठ गोल फिरून वर उठला आणि व्याह्यांच्या दोन्ही पायांना असा गुंडाळला, की पाटलासारखा माणूस पत्रावळींच्या ढिगात आडवा! आता आमच्या माणसांनी उचलायला धावावं की नाही? तर आमचे पाचही चुलतसासरे सवयीनं एका सुरात ओरडले,

“फसला! ओढ! ओढ!”

आणि आमच्या ह्यांनी खरंच काठ धरून ओढायला घेतलं! पातळ माझं, आत मी, बाहेर व्याही! मी दोन्ही हातांनी निऱ्या धरून किंचाळत होते, “सोडा ना वो! मी मासोळी नाई!”

सगळ्यात आधी हसली ती व्याह्यांची स्वतःची बायको. मग सगळा मांडव. एवढं हसं झाल्यावर रुसायचं कोणत्या तोंडानं? पत्रावळ झटकत ते गुमान पाटाजवळ बसले आणि लग्न लागलं.

आता सांगा, शाबासकी कोणाला मिळायला हवी? पण नाही! घोटे माझे सुजले, अब्रू माझी गेली, आणि लोक ह्यांची पाठ थोपटून म्हणत होते, “काय जाळं फेकलं गा!” मलाच उलट, “पाहून चालता येत नाई का?”

वरात गेल्यावर मी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. गोधडी ठरलेलीच होती. तरी म्हटलं, एवढ्या गोंधळात निदान मी रेल्वेवाल्या बाईसारखी दिसले, हे तरी त्यांनी पाहिलं असेल!

“माय, आता पातळ नेसू की नको?”

त्यांनी मान वर न करता सांगितलं,

“नेस. गोळ्या काढू नको. परवा पोरीले घेऊन व्याही येऊन राह्यले.”