अंगठाभर ढील

माझे वडील आणि चुलते, या दोघा भावांच्या घरांत मिळून माझ्याआधी ना कुणाची दहावी होती, ना एक पक्की भिंत. होतं ते विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आणि त्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहणारे माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. पुलीचा एवढा ध्यास घेतलेला माणूस साऱ्या भोकरदन तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि तालुक्याला त्याची खंतही नाही.

इंजिनाची पुली मोठी, पंपाची लहान, मधे पट्टा. मोठी एकदा फिरली की लहानीला दोन-तीनदा पळावं लागतं, म्हणून पाणी वर चढतं. गोष्ट एवढीशी, पण मोठ्या बाबांनी तिच्यावर अख्खा संसार चढवला होता. "तुझी मोठी आई लहान पुली हाय. मी एकदा हललो की ती तीन चकरा मारती," ते कौतुकाने सांगत. चुलीपुढून मोठी आई विचारायची, "पण तुमी हलता कवा?" बाजेची सुतळी, कपड्यांची दोरी, पाव्हण्याच्या कमरेचा पट्टा, कंडक्टरच्या बॅगेचा बंद, जे ताणलेलं दिसेल ते त्यांच्या अंगठ्याखालून जायचंच. "अंगठाभर दबला पायजे. लई ताणला तर बेरिंग खातो, ढिला सोडला तर घसरतो." एकदा जास्त पाण्याच्या हावेने त्यांनी पंपाला आणखी लहान पुली बसवली. इंजिनाने काळा धूर ओकला, पट्टा जळाला, गहू तहानलेला राहिला. "पुलीत खोट न्हाई, इंजिनाला दम न्हाई," असा त्यांनी निकाल दिला.

मी जालन्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडिलांनी बजावलं होतं, "यंदा पास झाली तर झाली. न्हाईतर शाळा बस्स. पाव्हणे पाहून राह्यलो." शेवटच्या पेपरला सोबत म्हणून मोठे बाबा निघाले, आणि माझं नशीब त्यांच्या अंगठ्याखाली आलं.

वाटेत केदारखेड्याला आमची काळीपिवळी जीप थांबली. ड्रायव्हर चहाला गेला. तेवढ्यात मोठ्या बाबांनी बॉनेट उघडलं. "पाण्याच्या पंपाची पुली ओरडून राह्यली. पट्टा ढिला हाय," म्हणत खिशातला पाना काढला आणि पट्टा ताणून दिला. गाडी निघाली, आणि गाव मागे पडताच आत फट्कन आवाज झाला.

"तुटला!" ड्रायव्हर कपाळावर हात मारून म्हणाला. "आता पंप फिरणार न्हाई, पाणी फिरणार न्हाई, इंजिन तापून बसंल. कोणी हात लावल्ता?"

सगळ्या जीपने मोठ्या बाबांकडे पाहिलं. "म्हाताऱ्यालाच बांधा तिथं," एक बाई म्हणाली, "लई ताठ हाय!"

"मोठे बाबा, पेपर हाय माझा," मला एवढंच बोलता आलं.

त्यांनी डोक्याचा पटका सोडला, दोरखंडासारखा पिळला, पुल्यांवरून घेऊन गाठ मारली आणि अंगठ्याने दाबून पाहिला. झोपतानाही ज्यांचं डोकं उघडं दिसलं नव्हतं, ते अनोळखी माणसांसमोर टकलावर ऊन घेत उभे होते. गाठ पुलीवर आपटत, जळक्या कापडाचा वास सोडत गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली. मी पोचले तेव्हा पेपर सुरू झालेला होता. पण दार लागलं नव्हतं.

संध्याकाळी फाटकाशी ते तसेच बोडके उभे होते. पेपर कसा गेला, हे विचारायचं सोडून म्हणाले, "ढील बराबर होती ना?" घरी येऊन मात्र वडिलांना दम भरला, "पोरीला लई ताणू नको. बेरिंग जातं." पुढे गावभर सांगत सुटले, की पोरगी माझ्या पटक्यावर ग्रॅज्युएट झाली. पट्टा मुळात कुणी ताणला, हा तपशील त्या कहाणीत कधीच आला नाही.

आता विहिरीत पाण्यातली मोटार आहे. वर ना पुली, ना पट्टा. मोठे बाबा बाजेवर बसून असतात, अंगठ्यालाही पूर्वीचा जोर नाही. म्हणून त्यांच्याकडे जाताना मी दारातच पर्सचा पट्टा थोडा सैल करते. ते दाबून पाहतात आणि म्हणतात, "बराबर हाय."

मी बी.ए. झाले. आमच्या दोन्ही घरांतली पहिली.