सरांचा डबा कायम पाण्यात

मासळी कितीही नीट साफ केली, तरी दोन दिवसांनी कोपराला एखादा खवला चिकटलेला सापडतोच. माझ्या नातीच्या वर्गाचे किस्से तसेच. मला लिहिता येत नाही आणि विसरताही येत नाही. म्हणून मी सांगते, ती टाइप करते.

नात म्हणजे सायली. आमच्या बोळिंजच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ती दर रविवारी एक खेळ शिकवते. कुणीतरी कुठेतरी डबा लपवतो आणि जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो. पण सरळ नाही, अक्षरांत दडवून! A म्हणजे एक, B म्हणजे दोन. कोडं सोडवा, आकडे फोनमध्ये भरा, जागेवर जा. डब्यातल्या वहीत सही करा आणि डबा परत तिथंच ठेवून या.

मी म्हटलं, "घरी न्यायचा नाही, तर शोधायचा कशाला?"

सायली म्हणाली, "आजी, तू देवळात जातेस तेव्हा देव घरी आणतेस का?"

मी शेंगा सोलायला घेतल्या.

*

हा खेळ सायलीला शिकवला डॉमनिक सरांनी. वसईचे, शाळेतून रिटायर झालेले. त्यांनी स्वतः एक डबा वसईच्या किनाऱ्यावर, पाचूबंदरला लपवला होता. दोन वर्षं झाली, तो एकालाही सापडला नव्हता. कुणीही कोडं सोडवलं की फोनमध्ये ठिपका जाऊन पडायचा भर पाण्यात!

मग सरांच्या डोक्यात कसलीशी गुठळी झाली. माणूस वाचला, पण आठवण फाटली. पाव आणायला निघाले आणि तिसऱ्या गावात सापडले.

एका रविवारी हॉलमध्ये आले आणि शेवटच्या खुर्चीवर बसले. सायलीला म्हणाले, "माझा डबा मलाच सापडत नाही. मला पहिल्यापासून शिकव."

तिने फळ्यावर A लिहिला. खडू तुटला. दुसरा घेतला. मागून हात वर आला.

"टीचर, Z ला किती?"

"सव्वीस, सर."

"थँक यू, टीचर."

सायली बाटली भरून आणते म्हणून बाहेर गेली. बाटली भरलेलीच होती.

*

दुसरे विद्यार्थी आमच्या सोसायटीचे चेअरमन, पाटीलकाका. नोटीस लिहून लिहून त्यांचा हात बसलेला. पहिलंच कोडं सोडवलं आणि फोन उंच धरून ओरडले, "सापडला!"

सायलीने बघितलं. काकांनी उत्तरेचे आकडे पूर्वेला आणि पूर्वेचे उत्तरेला भरले होते. ठिपका उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, बर्फाच्या समुद्रात!

काका म्हणाले, "रिक्षा जाईल का तिथं?"

त्या दिवशी सर हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा, असं त्यांची बायको मोनिकाबाई म्हणाली.

*

अक्षरांचे आकडे मला ऐकून ऐकून पाठ झाले. माझी रीत साधी. दोन हातांच्या आठ बोटांची चोवीस पेरं, वर दोन अंगठे. झाले सव्वीस! इंग्रजांनी माझे हात बघूनच अक्षरं केली असणार.

पाटीलकाकांना पटेना. "M किती?"

"तेरा."

"T?"

"वीस. पुरी कोडी!" पाचूबंदरला माझ्या माहेरी मासळी वीस-वीसच्या कोडीनेच मोजत.

"शाळेत न जाता एवढं लक्षात राहतं?"

"तुम्ही कागदावर ठेवता. माझा कागदच नाही, मग ठेवू कुठं?"

सर हे ऐकून माझ्याजवळ येऊन बसले. "मावशी, मला पेरं शिकवा." तीन रविवार मी शिकवली. सातव्या पेरावर पोचले की त्यांचं बोट थांबायचं. डोळे खिडकीकडे जायचे. परत पहिल्यापासून.

*

मग मनवेलपाड्याचं प्रकरण झालं. सायलीने सरावाचा डबा तिथल्या बागेत ठेवला होता. अक्षरांत शून्य येत नाही, म्हणून O दिसला की शून्य धरायचं, हे तिने दहादा सांगितलं होतं. पाटीलकाकांनी धरले पंधरा! आम्ही बागेऐवजी शेजारच्या बिल्डिंगच्या मीटररूममध्ये हात घालून उभे.

वॉचमन आला. "क्या ढूँढ रहे हो?"

"डबा," काका म्हणाले.

"किसका?"

"माहीत नाही."

"अंदर क्या है?"

"ते पण माहीत नाही."

त्याने शिटी मारली. दहा माणसं जमली. एकाने पोलिसांना फोन लावला. सायली घाबरून समजावत होती, तेवढ्यात एक जण सरांपुढे उभा राहिला.

"काका, तुमचं नाव? राहता कुठं?"

नाव सांगितलं. पत्ता येईना. सरांनी वरचा खिसा बघितला, खालचा बघितला. मग बायकोकडे बघितलं.

मोनिकाबाईने पत्ता सांगितला. सायलीने बागेतला डबा काढून दाखवला, तेव्हा सुटलो. पण कुणीतरी व्हिडिओ केला होता. संध्याकाळपर्यंत तो पुण्याला सरांच्या लेकीच्या, शेरॉनच्या फोनवर.

तिचा फोन आला. "मम्मी, पुरे झालं. घर बंद करा. डॅडींना मी इकडे आणते."

मोनिकाबाई म्हणाली, "एक रविवार दे. त्यांचा तो डबा त्यांनी स्वतः सोडवून, स्वतः चालत जाऊन काढला, तर आम्ही इथंच राहणार. नाही जमलं, तर मीच बॅग भरते."

*

शेरॉन गाडी घेऊन आली. हॉलमध्ये कुणी बोलायचं नाही असं ठरलं.

सरांसमोर कोड्याचा कागद. पेरं मोजायला घेतली. सातव्यावर थांबले. खिडकी. परत पहिल्यापासून. परत सातवं. शेरॉनने घड्याळ बघितलं.

मग सरांचा हात खिशात गेला आणि रोझरीची माळ बाहेर आली. वसईला यांच्या घरी रोज संध्याकाळी तिच्यावर मोजून प्रार्थना म्हणतात. दहा लहान मणी, मग एक मोठा. बोट सातव्यावर न थांबता पुढे गेलं. A ते J, दहा मणी. K मोठ्या मण्यावर, त्याला आकडाच दिला नाही. L ला दिले अकरा.

"अहो, L बारा—" पाटीलकाका म्हणाले. मी चिमटा काढला.

सर वर न बघता म्हणाले, "दहा झाल्यावर मोठा मणी मोजतात का कधी?"

पुढे V सुद्धा मोठ्या मण्यावर गेला. सायलीने आकडे फोनमध्ये भरले आणि खुर्चीचा हात धरला. ठिपका दोन वर्षांत पहिल्यांदा पाण्याबाहेर आला होता! म्हणजे सरांनी कोडं माळेवरच मोजून घातलं होतं.

पाचूबंदरला पोचलो. सर पुढे, फोन हातात. आम्ही वीस पावलं मागे. मासळीच्या लिलावाचा गलका चालू. दोन वाटा फुटतात तिथं सर थांबले. उजवीकडे होड्या, डावीकडे बर्फाचा कारखाना. उजवीकडे चार पावलं गेले. मोनिकाबाईने माझा दंड धरला.

तेवढ्यात एक मासळीवाली ओरडली, "सर, कुठं चालले? पानी चढतंय तिकडं!"

मी तोंडावर बोट ठेवलं, पण उशीर झाला. सर तिच्याकडे बघून हसले. फोन बघितला. वळले. डावीकडे.

कारखान्याच्या मागे भेंडीचं जुनं झाड, भाजीच्या नव्हे, किनाऱ्यावर वाढते त्या भेंडीचं. त्याच्या ढोलीत त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि डबा काढला. वही कोरी. पहिल्या पानावर सही केली, वळणदार, शाळेतल्या प्रगतिपुस्तकावर करतात तशी. सायली रडत होती. पाटीलकाका टाळ्या वाजवत होते. शेरॉनने गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली.

सरांनी झाकण लावलं, डबा होता तसा आत सरकवला. दोन पावलं मागे येऊन झाडाकडे कौतुकाने बघत राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले,

"काय जागा निवडलीय! कुणी लपवलाय हो हा?"