पाठीवर पडलेला हात

आमच्या तालमीत एक रिवाज होता. दुसऱ्या तालमींत तो होता की नाही मला माहीत नाही, आणि नसला तर नुकसान त्यांचं. वस्तादांचा उघडा तळवा पाठीवर पडला की पकड सोडायची. तुम्ही वर असा नाहीतर खाली असा, समोरचा गडी आता पडतोच आहे असं दिसत असो, हात पडला की हात सुटला पाहिजे. कारण विचारायचं नाही.

एकदा मी सोडला नव्हता. एकोणीस-वीस वर्षांचा असेन, अंगात मस्ती. गडी चित होतच होता, म्हणून अर्धा श्वास जास्त धरला. त्या अर्ध्या श्वासापायी वस्तादांनी महिनाभर मला लंगोट लावू दिला नाही. हातात फावडं दिलं. रोज कुस्तीचा हौद खणायचा, ढेकळं फोडायची आणि बाकीचे माझ्या मऊ केलेल्या मातीत लढताना बघत उभं राहायचं. मार परवडला असता.

माझी शाळा तिसरीत सुटली. काना-मात्रा सून बघून देते. पण सांगणं माझं आहे, त्यात तिनं फेरफार करायचा नाही असं बजावून ठेवलंय.

तालीम सोलापुरात, जुन्या वस्तीत. रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली, आणि दार इतकं बुटकं की कितीही मोठा पैलवान असो, वाकूनच आत यायचा. हौदातल्या तांबड्या मातीत तेल, हळद, ताक, लिंबं मुरवलेली. सकाळी घाम निघाला की त्या मातीला जो वास सुटायचा तो आता कुठं मिळत नाही. मी गिरणीत मागावर होतो, दुसरी पाळी. सकाळी तालीम, दुपारी भोंगा झाला की गिरणी. कानात माग खडखडायचे आणि मनात डाव चालायचे. सुखाचे दिवस होते. दूध पचायचं, झोप लागायची, आणि आपल्याला कोणी पाडेल हे डोक्यात येत नव्हतं.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मंद्रूपच्या पुढं एका गावची जत्रा होती. शेवटची कुस्ती माझी, त्या गावच्याच एका शेतकऱ्याच्या पोराशी. बक्षीस चांदीचं कडं. त्या कड्यासाठी मी सहा महिने गोड खाल्लं नव्हतं. आमच्या तालमीत तोवर कोणाच्या मनगटात जत्रेचं कडं आलं नव्हतं. ते माझ्या मनगटात येणार, असं मी गिरणीत सगळ्यांना सांगून बसलो होतो.

आदल्या वर्षी त्या गावात शेवटची कुस्ती बरोबरीत सोडवली होती, तेव्हा लोकांनी पंचांवर ढेकळं मारली होती. म्हणून या वर्षी आधीच पुकारलं, कुस्ती निकाली. पाठ टेकेपर्यंत सुटणार नाही.

हलगी कडाडायला लागली. ती हलगी कानावर पडली की आजही माझ्या मांड्या ताठतात, गुडघे गेले तरी. पोरगा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, उंच, नांगरावर तयार झालेलं अंग. दहा-बारा मिनिटं त्यानं मला चांगलं खेळवलं, खोटं कशाला बोलू? मग मी त्याचा पाय ओढून पट काढला, तो गुडघ्या-हातांवर खाली बसला आणि मी हप्ता भरला. म्हणजे खाली बसलेल्या गड्याच्या काखेतून हात घालायचा, तो त्याच्या मानेवर आणायचा आणि त्याचा खांदा उचलत त्याला उलटा करायचा. गडी शहाणा असला तर उलटा होतो, पाठ टेकवतो, कुस्ती संपते.

हा होईना. गावची माती, गावचे लोक, पुढं बसलेला बाप. मान मातीत रुतवून तो तसाच राहिला. मी जोर वाढवला. खांदा वर आला, आणखी वर आला, जिथं खांदा जाऊ नये तिथवर आला.

"घे की! घे वरनं!" एका बाजूनं.

"सोडू नगं रं वाघा, पाठ लावू नगं! मेलास तरी चालंल!" दुसऱ्या बाजूनं. मेलास तरी चालंल म्हणणारा स्वतः शेंगा खात होता.

त्या गलक्यात एकच आवाज वेगळा होता. त्याचा बाप कानडीत ओरडत होता, "बिडो! बिडो!" सोड, सोड. सोलापूरच्या माणसाला एवढं कानडी कळतं. तो पोराला सांगत नव्हता, मला सांगत होता.

आमच्या वस्तादांनी पंचांना हाक मारलेली मी ऐकली. "पंच, कुस्ती सोडवा! पोराचा हात जाईल!"

पंच पांढऱ्या फेट्यातला म्हातारा. म्हणाला, "निकाली पुकारलीया. मी सोडवली तर गाव मला सोडंल व्हय? तुमचा गडी वर हाय, तुमाला काय तरास?"

आणि मग माझ्या पाठीवर तळवा पडला.

मी सोडलं. विचार केला नाही, हात आपोआप सुटले. सुटले आणि मी एक चूक केली, जी त्या मैदानात आमच्या तालमीचाच माणूस करील. मान वळवून वस्तादांकडं बघितलं. आमच्याकडं हात पडला की कुस्ती थांबते. पण त्या पोराला ते काय माहीत? अंगावरचं ओझं हललं एवढंच त्याला कळलं. तो एका खांद्यावर असा उसळला की मी गुडघ्यावरून मागं गेलो आणि माझी पाठ टेकली. आभाळ दिसलं. हलगी थांबली.

लोकांना वाटलं, वस्तादानं आपल्या गड्याला शाबासकी दिली आणि गडी फुगून गाफील राहिला. मैदानभर हसू. मी ओरडून सांगत होतो, "मी सोडलं! मी सोडलं!" कोण ऐकतो! त्या पोराला कडं घालायला गेले तर उजवा हात वर येईना, म्हणून डाव्यात घातलं. बाप त्याला कवेत धरून हाडवैद्याकडं घेऊन गेला. मातीच्या कडेला वस्तादांच्या चपला पडल्या होत्या, एक उलटी. एवढ्या घाईतही मातीत पाय टाकायच्या आधी त्यांनी त्या काढल्या होत्या.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलो नाही. मंद्रूप मागं पडल्यावर शेवटी मीच मागं वळून म्हणालो, "वस्ताद, हात त्याच्या पाठीवर टाकायचा की! माझ्या का?"

ते खिडकीतून बघत म्हणाले, "त्याची पाठ माझा हात वळकत न्हाय. तुझी वळकती."

"पण कडं गेलं न्हवं!"

"गेलं."

एवढंच. मी म्हणालो, आजपासून तुमची तालीम तुम्हाला. ते म्हणाले, घरी जाऊन दूध पी.

चार महिने मी तालमीचं तोंड बघितलं नाही. मी अडलो की बैल परवडला, असं माझी आई म्हणायची. गिरणीत शेजारच्या मागावरचा दोस्त येता-जाता माझ्या पाठीवर हळूच थाप मारायचा आणि म्हणायचा, "पडला का न्हाय अजून? जत्रंत तर एका शाबासकीत पडलास म्हनं!" एकदा मी त्याला उचलून सुताच्या ढिगात टाकला. तरी थाप थांबली नाही.

मग एक दिवस नव्या पेठेत तो पोरगा दिसला. बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आला होता, बरोबर बाप. कापडाचा गठ्ठा डाव्या खांद्यावर, डाव्या मनगटात कडं. मी आडव्या गल्लीत वळणार होतो, पण त्यानंच हाक मारली.

"वळकलं का, पैलवान? मी पाडलं तुमाला."

"पाडलं? मी सोडलं म्हणून पाडलंस!"

"सोडलं कशापायी मग?" त्याला खरंच माहीत नव्हतं. मी तिथं भर रस्त्यात त्याला रिवाज सांगितला. ऐकता ऐकता तो मनगटातलं कडं फिरवत राहिला.

बापानं माझा दंड धरला. "वैद्य काय म्हनला ठावं हाय का? आनखी दोन श्वास धरला असता तर हात लोंबत राहिला असता. आवंदा पेरनी त्यानंच केली. त्याच हातानं."

मी पोराला म्हणालो, "वर कर बघू."

त्यानं गठ्ठा बापाकडं दिला आणि उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत सहज आला. तिथून ओठ चावत वर नेला. कानाला टेकायला चार बोटं कमी राहिला. "हितनं म्होरं न्हाय जात," म्हणाला आणि हसला. मला हसता आलं नाही.

कारण एक गोष्ट मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. वस्तादांचा हात पडायच्या आधी त्या खांद्यातला आवाज मी ऐकला होता. ओलं लाकूड पिळल्यासारखा. हलगीत तो दुसऱ्या कोणाला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण माझा कान त्याच्या पाठीला लागलेला होता. त्याच्या बापाचं "बिडो"ही मी ऐकलं होतं. ऐकून धरून ठेवलं, कारण कडं समोर होतं. ती चार बोटं माझी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तालमीत गेलो. दारात वाकलो. वस्ताद हौदाच्या काठावर बसून लिंबं चिरत होते. मान वर केली नाही.

मी म्हणालो, "वस्ताद, तुमचा हात पडायच्या आधी मला कळलं होतं. खांद्याचा आवाज ऐकला होता मी."

त्यांनी हातातलं लिंबू चिरून संपवलं. मग वर बघितलं.

"मग माझा हात कशाला लागला रं?"

कोपऱ्यात फावडं होतं, ते न सांगता उचललं आणि हौद खणायला लागलो. या वेळी महिना त्यांनी सांगितला नव्हता. मीच खणला, मोजून तीस दिवस.

पुढं पंधरा-वीस वर्षं मी जत्रांमधून पंच म्हणून उभा राहिलो. निकाली कुस्त्या सोडवल्या, शिव्या खाल्ल्या, एका गावात ढेकूळही खाल्लं, भुवईवर खूण आहे. कोणी म्हणालं, पंच भित्रा आहे, तर म्हणू दे. ती जत्रेतली कुस्ती मात्र मी हरलेलो नाही, हे मी आजही मानतो, आणि सुनेनं इथं काही बदलू नये. पण खाली दबलेल्या गड्याजवळ मातीत कान लावून बसायची सवय मला त्याच कुस्तीनं लावली. पाठीवर कोणाचा हात पडायची वाट मी पुन्हा बघितली नाही.