दोनने भागलेली ओळ

"हे आधी कुणी केलेलं नाही, हे तुम्हाला कसं माहीत?"

नागपूरला विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे बाहेरून आलेल्या मॅडमनी हे विचारलं, तेव्हा मी फळ्यापाशी उभी होते. हातात खडू होता आणि मागे माझं प्रमेय लिहिलेलं होतं. आवाजात तिरकसपणा नव्हता. म्हणूनच प्रश्न जास्त लागला. मी सरांकडे पाहिलं. माझे गाईड. ते समोरच्या फाईलीत काहीतरी वाचत असल्यासारखे बसले होते.

"मी शोधलं, मॅडम. मला काही सापडलं नाही."

"सापडलं नाही म्हणजे नाही असं होत नाही. हा विषय शंभर वर्षांहून जुना आहे. पुढच्या बैठकीला या, पण आधीचं वाङ्मय घेऊन या."

पुढची बैठक दिवाळीनंतर होती, आणि त्यानंतर लगेच सर निवृत्त होणार होते.

मी अर्जुनी मोरगावच्या एका कॉलेजात गणित शिकवते. नोकरी सांभाळून पीएच.डी. चाललेली. विषय प्रोजेक्टिव्ह रिप्रेझेंटेशन्स. सोपं करून सांगायचं तर असं: एखाद्या ग्रुपच्या प्रत्येक घटकाला एकेक मॅट्रिक्स द्यायचं. दोन घटकांचा गुणाकार केला की त्यांच्या मॅट्रिक्सचाही गुणाकार तंतोतंत जुळला पाहिजे. हे झालं साधं रिप्रेझेंटेशन. प्रोजेक्टिव्हमध्ये जुळतं, पण पुढे एक आकडा जास्तीचा राहून जातो. या जास्तीच्या आकड्यांना त्यांची स्वतःची शिस्त असते. ग्रुपच्या एका विशिष्ट जातीत ही शिस्त एकदा ठरली, की ज्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत अशी सगळी रिप्रेझेंटेशन्स एकाच मापाची निघतात, असं मी सिद्ध केलं होतं. निदान तसं मला वाटत होतं.

गोंदियाला गाडी बदलून वडशाकडच्या पॅसेंजरमध्ये बसले, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. आपण चार वर्षं जे घर बांधलं त्या जागेचा सातबाराच पाहिला नाही, असं काहीसं.

शोधायला बसले आणि कळलं की मला शब्दच माहीत नव्हते. 'प्रोजेक्टिव्ह' टाकलं की मानसशास्त्रातल्या शाईच्या डागांच्या चाचण्या यायच्या, नाहीतर शाळेतली भूमिती. भौतिकशास्त्रवाले याच गोष्टीला किरणांच्या नावाने ओळखत होते. बीजगणितवाल्यांनी ती पिळवटलेल्या अल्जेब्रांच्या नावाखाली ठेवली होती. एकच माणूस तीन गावांत तीन नावांनी राहत असावा तसा प्रकार. प्रत्येक नावामागे नवे शेकडो पेपर, आणि प्रत्येक पेपर उघडताना एकच प्रश्न. हाच असेल का? कित्येक उघडायचेच नाहीत. नुसता सारांश दिसायचा, पुढे कुलूप.

आई माझ्याकडेच असते. ताट समोर ठेवून ती बघत बसायची.

"काऊन वं, जेवून नाई राहिली?"

"एक गोष्ट सापडत नाहीये."

"हरपली का?"

"नाही. ती सापडू नये असंच वाटतंय."

"मंग कायले शोधून राहिली?" असं म्हणून तिने वरण वाढलं.

शेवटी मी गणितातल्या लोकांच्या एका संकेतस्थळावर प्रश्न टाकला. खाली दोन शेरे आले, दोन्ही फटकारणारे: स्वतः काय शोधलं ते आधी लिहा. मी लिहिलं. तरी प्रश्न बंद केला गेला. पण बंद होण्याआधी कुणा अनोळखी माणसाने, देश-नाव काही नाही, तीन संदर्भ लिहून ठेवले होते. पहिले दोन माझ्या कामाचे नव्हते. तिसरा एका जुन्या परिषदेतल्या लेखांचा खंड होता. त्याने एवढंच लिहिलं होतं: तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक इथे आहे.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो खंड यादीत होता, फळीवर नव्हता. मी सरांना फोन केला. खंडाचं नाव सांगितलं.

"पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं.

"ते पुस्तक गोंदियात आहे," ते म्हणाले. "माझ्याबरोबर एक जण रिसर्च करायचा. त्याच्याकडे. आम्ही बोलत नाही. तू माझं नाव सांगू नकोस."

ते निवृत्त प्राध्यापक रेल्वे फाटकापलीकडे, एका राइस मिलच्या मागच्या गल्लीत राहत होते. दारातल्या तुळशीच्या पानांवरही कोंड्याची धूळ होती. मी कोण, कुठली, हे सांगितलं. गाईड कोण हे त्यांनी विचारलंच. खोटं बोलणं जमलं नाही. नाव ऐकून ते दारातच थांबले.

"उसने भेजा?"

"नाही सर. मीच आले."

"किताब घराबाहेर जाणार नाही. यहीं बैठके पढो."

बाहेरच्या खोलीत टेबलावर त्यांनी तो खंड आणून ठेवला. पानं पिवळी, बांधणी सैल. मिलचा आवाज सतत येत होता. मला हवा तो लेख मधोमध होता. त्यातली सगळी चिन्हं माझ्यापेक्षा वेगळी. माझ्याकडे जे डावीकडे ते त्यांच्याकडे उजवीकडे, माझ्या गुणकाला, म्हणजे त्या जास्तीच्या आकड्याला, त्यांनी दुसरंच अक्षर दिलेलं. मी एकेक ओळ माझ्या चिन्हांत उतरवत गेले. जसजशी उतरवत गेले तसतशा त्या ओळखीच्या होत गेल्या. तिसऱ्या पानावर माझं प्रमेय होतं. माझंच. ज्यावर मी दोन प्रकरणं खर्ची घातली होती, त्याची सिद्धता तिथे अर्ध्या पानात होती.

प्राध्यापक समोर बसून माझ्याकडे बघत होते. "मिला?"

मी मान हलवली.

"पूरा है?"

मी पुन्हा वाचलं. विधानाच्या सुरुवातीला एक छोटी अट होती. लेखकाने ग्रुपच्या घटकांची संख्या विषम मूळसंख्येचा घात घेतली होती: तीनचा, पाचचा, सातचा. दोनचा नाही. माझ्या प्रमेयात दोनही होता!

"सर, दोन माझा आहे," मी म्हणाले. "दोन यांनी केलेला नाही."

"दिखाओ."

मी माझे कागद त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. घाई नाही. एका जागी बोट थांबलं. मागचं पान पाहिलं, परत तिथेच आले.

"इथे घातांकाला दोनने भागलंय तुम्ही."

"हो."

"कैसे?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. विषम मूळसंख्येच्या जगात दोनने भागायला काही हरकत नसते. दोनच्या घातांच्या जगात ते शून्याने भागण्यासारखंच आहे. त्या जुन्या लेखकाने दोन सोडला होता तो विसरून नव्हे. त्याला माहीत होतं. जे बरोबर होतं ते दुसऱ्याचं निघालं होतं, आणि जे एकटं माझं होतं ते चूक.

त्यांनी आतून पाणी मागवलं. मी ते प्यायले. ते म्हणाले, "माझं पण असंच झालं होतं. मेरा पूरा काम इसी किताब में निकला. मी सोडून दिलं." मग म्हणाले, "तुम्हारे पास कम से कम गलती तो अपनी है."

ते विनोद करत नव्हते.

स्टेशनवरूनच मी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोनचा भाग काढून टाक. बाकीचं राहू दे. तो खंड कोण पाहणार आहे? मी जातोय, तुझं काम मार्गी लागू दे."

"सर, त्यात हे आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही." मग सावकाश म्हणाले, "मी ते कधी शेवटपर्यंत वाचलंच नाही. त्याने हाय खाल्ली ते पाहिलं होतं. पुन्हा हात लावायची इच्छा झाली नाही."

मला त्यांचा राग आला होता, पण ते ऐकल्यावर तो कुठे ठेवावा कळेना.

दिवाळीनंतरच्या बैठकीत मी फळ्यावर आधी त्या जुन्या लेखाचं नाव लिहिलं. मग त्यातलं विधान. मग माझी चुकलेली ओळ, आणि तिच्याखाली रेघ. सर मान खाली घालून बसले होते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"मग आता तुमच्याकडे काय उरलं?"

"प्रश्न उरला, मॅडम. दोनसाठी हे खरं आहे की नाही, कुणालाच माहीत नाही."

त्या समितीतल्या बाकीच्यांशी हळू आवाजात बोलल्या. मला बाहेर थांबवलं. व्हरांड्यात उभी राहून मी राजीनाम्यासारखं काहीतरी मनात जुळवत होते. आत बोलावलं तेव्हा मुदत वाढवून मिळाली होती, आणि सर निवृत्तीनंतरही मार्गदर्शक म्हणून राहणार होते. हे त्यांनी स्वतःच मागितलं होतं, असं नंतर कळलं.

त्या हिवाळ्यात मी आधी दोनसाठी प्रमेय सिद्ध करायला धडपडले. जमेना. दर वेळी त्याच जागी अडायचं. एका रविवारी चिडून उलट बाजूने गेले: समजा हे खोटंच असेल तर? चौसष्ट घटकांचा एक ग्रुप घेतला, गुणक मांडले आणि मॅट्रिक्स लिहीत गेले. दुपार कलली तेव्हा एकाच शिस्तीची दोन रिप्रेझेंटेशन्स समोर होती. एक दोनाच्या मापाचं, दुसरं चाराच्या. पुन्हा तपासलं. मापं वेगळीच होती. प्रमेय दोनसाठी खोटं होतं, आणि ते का खोटं हे माझ्या हातात होतं.

आई अंगणात धान वाळवत होती. मी बाहेर येऊन म्हटलं, "सापडलं."

"चांगलं की वाईट?"

"खोटं आहे हे सापडलं."

"मंग हासून कायले राहिली?" ती म्हणाली, आणि पायाने धान पसरवत राहिली.

प्रबंध त्याच उदाहरणाभोवती नव्याने लिहिला. तोंडी परीक्षेत मॅडमनी तासभर त्याच ग्रुपवर प्रश्न विचारले. कोणत्या पायरीवर काय तुटतं, का तुटतं. या वेळी मी फळ्यावरून नजर हटवली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे." एवढंच.

बाहेर आले तर सर जिन्याजवळ फोनवर बोलत होते. हिंदीत, जरा अडखळत. "हाँ, हो गया उसका. वो किताब काम आई," ते म्हणाले, मग पलीकडचं बराच वेळ ऐकत राहिले. मला पाहून त्यांनी हाताने थांब अशी खूण केली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.