ते झाड तेवढं उचल

त्या संध्याकाळी मी बाप्पावर इतकी चिडले होते, की समोर असता तर त्याच्याशी अबोलाच धरला असता. आमच्या यांना फुप्फुसांचा जुना आजार. दिवसाचा बराच वेळ ऑक्सिजनचं मशीन लावावं लागतं आणि ते चालतं विजेवर. वीज गेली तर सोसायटीचा जनरेटर, आणि तोही नसला तर कपाटामागचा छोटा सिलेंडर, जो फार वेळ पुरत नाही. टिटवाळ्याला घर घेतलं तेव्हा लेक म्हणाली होती, "आई, देऊळ जवळ बघण्यापेक्षा हॉस्पिटल जवळ बघ." मी कुठली ऐकतेय!

मे महिना होता. समुद्रात चक्रीवादळ होतं, पण ते लांबून जाणार, आपल्याकडे नुसता वारा, असं सगळे म्हणत होते. नेमका त्याच दिवशी आमच्या इमारतीचा सत्यनारायण. वीज सकाळपासून ये-जा करत होती. आम्ही दोघं चौथ्या मजल्यावरून खाली जाऊ शकत नव्हतो, म्हणून मी सेक्रेटरी सामंतकाकांना निरोप धाडला, की यांना कथा ऐकायची आहे, स्पीकर बंद करू नका. त्या भल्या माणसाने दिवसभर जनरेटर चालू ठेवला. कथा झाली, आरती झाली, बायकांची भजनंही झाली. हे खुर्चीत बसून मांडीवर ताल धरत होते आणि मी गॅलरीत उभी राहून धन्य होत होते.

दिवेलागणीच्या आधी वारा सुटला तो काही साधा नव्हता. समोरच्या बैठ्या घरांचे पत्रे उडाले, पूजेचा मांडव एका बाजूला कलंडला, आणि बघता बघता फाटकाबाहेरचा गुलमोहर मुळासकट रस्त्यावर आडवा झाला. वीज गेली ती गेलीच. सामंतकाका धापा टाकत जिने चढून आले. "वहिनी, जनरेटरचं डिझेल संपलं हो. सकाळपासून चालवला ना." बिचाऱ्यांचा चेहरा बघवत नव्हता. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, तर कल्याणहून निघते म्हणाले. पण फाटकावरच झाड. आमच्या गाड्या बाहेर पडेनात, तिथे अ‍ॅम्ब्युलन्स आत कशी येणार?

मी सिलेंडर जोडला आणि शेजारच्या फिलोमिनाला हाक मारली. ती मूळची ठाण्याच्या खाडीकाठची, सगळा जन्म नर्सची नोकरी केलेली. तिने यांना पुढे झुकवून टेबलावरच्या उशीला टेकवलं, मनगट हातात धरलं आणि मला म्हणाली, "कशाला घाबरते गं? मी हाय ना." दुसऱ्या हातात तिची जपमाळ होती. ती तिच्या देवमातेला आळवत होती आणि मी माझ्या बाप्पाला फैलावर घेत होते. "देवाच्याच कथेपायी डिझेल गेलं. आता ते झाड तेवढं उचल, बाकी काही मागत नाही." खाली पूजेचे झब्बे घातलेले पुरुष पावसात भिजत कोयत्याने फांद्या तोडत होते, पण खोड जागचं हलत नव्हतं. सिलेंडरचा काटा खाली येत होता. यांचे ओठ निळसर दिसायला लागले. मग मला भांडताही येईना. मी यांच्या पायांशी बसून नुसती रडले.

खाली काय घडत होतं ते मला नंतर सामंतकाकांकडून कळलं. झाडाच्या पलीकडे नर्सरीची रोपं भरलेला एक टेंपो अडकला होता. खडवलीला निघालेला. आमच्याकडे सत्यनारायणाच्या दिवशी दारावरून जाणाऱ्याला प्रसाद घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. शिऱ्याचं पातेलं सांभाळत जिन्याखाली उभ्या असलेल्या बायकांनी त्या तुफानातही ड्रायव्हरला हाका मारल्या, आणि तोही फांद्या ओलांडून आला. शिरा खाता खाता त्याने विचारलं, एवढी धावपळ कसली? डिझेलचं कळल्यावर त्याने, प्रसाद टाकायचा नसतो म्हणून, उरलेला घास तोंडात कोंबला आणि धावला. टेंपो डिझेलवर चालणारा होता. त्याच्या टाकीतलं डिझेल ओढायला कोणीतरी कूलरची नळी काढली, कोणी कॅन आणला.

वर आम्हाला दिसलं ते एवढंच, की पॅसेजमधला दिवा लागला. फिलोमिनाने तिथून मशीनपर्यंत वायर ओढली, मशीन सुरू झालं आणि हळूहळू यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. ड्रायव्हर चौकशीला दारापर्यंत आला. मी वाकले तर तो लाजून मागेच सरला. "मना घरा जावापुरतं ऱ्हायलं तरी बास, मावशी. बाबा बरे हायेत ना?" गडबडीत त्याचं नाव विचारायचं राहिलं, याची चुटपुट अजून लागते.

आता सोसायटीत डिझेलचा एक कॅन कुलपात असतो. खुद्द सत्यनारायण मागायला आला तरी तो उघडणार नाही, असं सामंतकाकांनी जाहीर केलंय. कुठल्या घरात कोण आजारी आहे, वीज गेली की कोणी कोणाच्या दारात जायचं, हे मजल्यामजल्यावर ठरलंय. फिलोमिनाने सगळ्यांना सिलेंडर जोडायला शिकवलं.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं, की ती अ‍ॅम्ब्युलन्स शहाडच्या पुढे आलीच नव्हती. तिथेही रस्ता बंद होता. म्हणजे बाप्पाने माझं म्हणणं ऐकून झाड उचललं असतं, तर अ‍ॅम्ब्युलन्स तर आली नसतीच, आणि तो टेंपो मात्र थेट खडवलीला निघून गेला असता. तेव्हापासून मी त्याला माझी काळजी सांगते, उपाय सांगत नाही. रोज हात जोडते आणि म्हणते, त्या दिवशी माझं ऐकलं नाहीस, तुझे फार उपकार झाले. म्हणून तर हे आज माझ्यासमोर बसून मऊ भाताला नावं ठेवताहेत.